वाजणारी जमीन

आमच्या पनवेलच्या घरातली मागची खोली वाजायची. भुताखेताची गोष्ट सांगत नाहीये. बाकी घरात पाऊल पडलं की थप् असा साधा आवाज यायचा आणि मागच्या खोलीत तेच पाऊल घुमायचं, एवढंच. घर घेतलं तेव्हा आम्हांला त्याचं कौतुकच वाटलं होतं. कांडणाला तर ती खोली फार नामी. उखळ मांडून मुसळाचा पहिला घाव घातला की असा भरदार नाद उठायचा की कांडणारीला आपोआप जोर चढे. दिवाळीच्या आधी आळीतल्या बायका पोह्यांचं भात घेऊन आमच्याकडेच येत. तुमची जमीन बोलते हो, असं कोणी म्हणालं की मी फुशारून जायची. आज ते आठवलं की आधी अंगावर काटा येतो आणि मग हसू येतं. इतक्या वर्षांत हा क्रम काही बदललेला नाही.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. आमचे हे पनवेलच्या कोर्टात कारकून होते. भाताचा व्यापार करणारं एक कुटुंब मुंबईला राहायला गेलं, त्यांचं हे जुनं घर आम्ही घेतलं. पुढे ओटी, मग माजघर, स्वयंपाकघर आणि शेवटी ही वाजणारी खोली. घरात आम्ही दोघं, आमची दोन मुलं आणि वन्सं, म्हणजे यांच्या थोरल्या बहीण. तरुणपणीच कुंकू पुसलं गेलं तशा त्या माघारी आल्या होत्या आणि यांना त्यांनीच लहानाचं मोठं केलं होतं. घरात शब्द त्यांचा चाले आणि आवाज माझा. आमचं दोघींचं पटत नसे असं नाही, पण पटण्याआधी एकदा खटका उडाल्याशिवाय आम्हांला चैन पडत नसे.

माझी धाकटी बहीण उरणला दिली होती. सासरचे लोक खाऊनपिऊन सुखी, सासरे मिठागरांचा कारभार बघायचे. आमची आई धाकटीच्या लग्नाआधीच गेली, त्यामुळे तिचं माहेर म्हणजे मीच. ही मुलगी जन्माची अबोल. लहानपणी एकदा तिचं बोट दारात चेमटलं, तर तिने रडण्याआधी दार कोणी लोटलं ते पाहिलं. लोटणारं माणूस मोठं होतं, म्हणून रडलीच नाही. अशा मुलीचं सासरी कसं व्हायचं याची मला नेहमी धास्ती असे. पहिल्या बाळंतपणाला मी तिला आणणार होते, पण नेमकी त्याच वेळी मी विषमज्वराने अंथरुणाला खिळले. बाळंतपण सासरीच झालं. कळा सुरू होऊन दोन दिवस गेले, पहिलटकरणीला वेळ लागतोच असं म्हणत सगळी वाट पाहत राहिली, आणि मूल हाती लागलं नाही. ती कशीबशी वाचली. मला उठता येऊ लागल्यावर मी भेटायला गेले तर म्हणाली, "ताई, तू वाळलीस गं." स्वतःबद्दल चकार शब्द नाही.

म्हणून दुसऱ्या खेपेला दिवस गेल्याचं कळलं तेव्हाच मी निक्षून सांगितलं की या वेळी धाकटी माझ्याकडे येणार. माघ सरता सरता ती आली. सातवा लागला होता. चेहरा ओढलेला, पण पोट छान गोल. तिला पाहून वन्सं आत जाऊन गुळाचा खडा घेऊन आल्या आणि मी मनाशी म्हटलं की या बाईला आणि तिच्या पोटातल्या जिवाला काही होता कामा नये. दुसरं काही मला त्या दोन-तीन महिन्यांत सुचत नव्हतं.

बाळंतिणीला जागा म्हणजे मागची खोलीच. आडोशाची, येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर न पडणारी. पण तिला ओल फार. आधी एवढी नव्हती, मागच्या पावसाळ्यापासून ती वाढली होती. सारवलेली जमीन सगळीकडे दुपारपर्यंत वाळायची आणि तिथे मात्र दुसऱ्या दिवशीही पायाला गार लागायची. यांनी कौलं बघितली, वन्संनी भिंतीला हात लावून पाहिलं, मी कोपऱ्याकोपऱ्यात राख टाकून ठेवली, धाकटीने सुचवलं की मिठागरावरची माणसं ओलीवर मुरूम टाकतात. रोज जेवताना तोच विषय. कारण कोणालाच सापडेना. शेवटी ठरलं की जुन्या जमिनीचा वरचा थर खरवडायचा, मुरूम आणि माती घालून नवी जमीन करायची, आणि कोपऱ्यात बाळंतिणीच्या न्हाण्यासाठी एक मोरीही काढायची.

वन्संनी लगेच फाटा फोडला. घरात पोटुशी बाई असताना खणाखणी करायची नाही, बांधकाम काढायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. शास्त्रच तसं आहे म्हणाल्या. मी म्हटलं, शास्त्र घरच्या सुनेला असेल, धाकटी तर परक्या घरची, तिचं गोत्रसुद्धा आपलं नाही, तिच्या नवऱ्याने उरणला कुदळ हातात धरली नाही म्हणजे झालं. कोर्टातल्या कारकुनाची बायको झाल्यापासून मला वाद घालता यायला लागला असं वन्सं पुटपुटल्या, पण गोत्राचा मुद्दा त्यांना पटला. तिकडे उरणला माझ्या मेव्हण्यांना निरोप गेला की बाळंतपण होईपर्यंत खिळासुद्धा ठोकायचा नाही.

जमीन करायची म्हणजे तेव्हा आत्तासारखं फरशी आणून बसवायचं काम नव्हे. मुरूम पसरायचा, माती पसरायची, पाणी मारून ती मुरू द्यायची आणि मग चोपण्यांनी चोपून चोपून घट्ट करायची. चोपणं म्हणजे लाकडाची जाड फळी, तिला धरायला मूठ. एकटीदुकटीचं हे काम नाही. तळोज्याकडून एक बाई आमच्याकडे भाजी घेऊन येत असे, तिला मी बोलले. ती म्हणाली, "आमी येतू ना. तुमी नुसता गूळ-पानी ठेवा." आणि ठरल्या दिवशी आपल्या गावच्या चांगल्या धडधाकट बायका घेऊन ती हजर झाली.

त्या दिवसाइतकी मजा आमच्या घरात क्वचित आली असेल. बायका दोन ओळींत समोरासमोर बसल्या. एक ओळ चोपणं उचली तेव्हा दुसरीचं खाली येई, आणि वर गाणं. साऱ्या आळीला ऐकू जात होतं. खोली अशी दणदणत होती की स्वयंपाकघरात फळीवरचे पितळी डबे नाचायला लागले. भाजीवाली मला म्हणाली, "तुमची जमीन झाक हाय गो बाय. आमच्या घरची अशी बोलत नाय." माझी मान पुन्हा ताठ. थोड्या वेळाने बघते तर धाकटीही पदर खोचून ओळीच्या मधोमध बसलेली, हातात चोपणं आणि चेहऱ्यावर हसू. कितीतरी महिन्यांनी मी तिला तसं हसताना पाहिलं. मी काही बोलणार, तोच वन्संनी मला डोळ्यांनी दटावलं. बसल्या बसल्या हलक्या हाताने करते आहे, करू दे, म्हणाल्या. मलाही ते बरंच वाटलं.

दोन दिवसांत जमीन तळहातासारखी गुळगुळीत झाली. वन्संनी वरून शेणाचा हात फिरवला, कडेने रांगोळीची रेघ ओढली. राहिली होती फक्त मोरी. त्यासाठी सांगितलेला गडी काही आला नाही. रविवार होता, कोर्टाला सुटी. आमचे हे म्हणाले, "एवढ्याशा खड्ड्याला गडी कशाला?" आळीत पुढे गाड्यांची चाकं करणारे एक शेजारी होते, त्यांच्याकडून यांनी पहार मागून आणली, धोतर वर खोचलं आणि मागच्या भिंतीच्या कोपऱ्यात उभे राहिले. तो कोपरा यांच्या विशेष आवडीचा. वर्षापूर्वी तिथे मनगट जाईल एवढं एक भोक सापडलं होतं. घुशीचं बीळ म्हणून यांनी त्यात काचा आणि चुना ठासून ते पक्कं बुजवलं होतं, आणि त्यानंतर घूस दिसली नाही याचा यांना अभिमान होता. त्याआधीही कोणाला दिसली नव्हती, ती गोष्ट वेगळी.

मी स्वयंपाकघरात भाजी चिरत होते. पहारीचे चार-सहा घाव ऐकू आले, मग एक वेगळाच, फुसका आवाज आला आणि मग काहीच नाही. थोड्या वेळाने खालून, फार खालून, डुबुक असं झालं. मी विळी आडवी करून उठले. खोलीच्या दारात गेले तर हे कोपऱ्यात तसेच उभे, दोन्ही हात पहार धरल्यासारखे पुढे आणि हातांत पहार नाही.

"पहार गेली," हे म्हणाले.

"कुठे गेली?"

"खाली."

त्यांच्या पायांपुढे नारळाएवढं भोक पडलं होतं आणि त्यातून गार, कुबट वारा येत होता. माझ्या मागून वन्सं आल्या. त्यांनी भोकाकडे पाहिलं, यांच्या पायांकडे पाहिलं, आणि अगदी हळू आवाजात, यांच्या लहानपणी बोलत असतील तशा म्हणाल्या, "बाळ, हलू नकोस. भिंतीला पाठ लाव आणि भिंतीभिंतीने ये." पंचवीस वर्षं कोर्टाचे कागद सांभाळून रुबाबदार झालेला तो माणूस भिंतीला चिकटून, पोट आत घेऊन, खेकड्यासारखा तिरका तिरका दारापर्यंत आला. दाराशी आल्यावर त्यांनी आधी वन्संचा हात धरला. मग मी रडायला लागले, आणि वन्संनी आम्हां दोघांना खाली बसवलं. माजघरात.

दोरीला कंदील बांधून वन्संनी तो दारातूनच बांबूच्या टोकाने भोकात सोडला. थोडा खाली गेला तोवर कडेचे चिऱ्यांचे वेढे दिसले आणि मग कंदील मिणमिणून विझला. वर ओढून पुन्हा लावला, पुन्हा विझला. विहीर होती. आमच्या घरात, खोलीच्या खाली, चांगली बांधीव विहीर, आणि तिच्या पोटात कोंडलेली हवा. याच खोलीत बाजेवर धाकटी निजणार होती, बाजेखाली शेगडी ठेवायची होती, आणि दारं-खिडक्या वारा लागू नये म्हणून बंद.

विहीर घरात आली कशी ते विचारायला वन्सं त्याच पावली बंदरावर गेल्या. घर विकणाऱ्यांचे एक म्हातारे चुलते तिथे राहत. वन्सं तावातावाने गेल्या, तर चुलते शांतपणे सुपारी कातरत म्हणाले, "आहे की विहीर. घर वाढवायचं ठरलं तेव्हा आमच्या वडिलांनी वर सागाच्या फळ्या घालून जमीन केली. विहीर बुजवायची नाही, पाप लागतं. आमच्यात दर अक्षय्य तृतीयेला त्या जागी पाण्याचा लोटा आणि नारळ ठेवायची पद्धत. तुम्ही काय ठेवत नव्हतात?"

त्यांच्या दृष्टीने त्यांनी काही लपवलंच नव्हतं. जी गोष्ट घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक ती घेणाऱ्याला वेगळी कशाला सांगायची? वन्सं निघाल्या तेव्हा त्यांनी मागून आणखी एक सांगितलं, की कोपऱ्यात वेळूची पोकळ नळी बसवली आहे, विहिरीने श्वास घ्यावा म्हणून, ती तेवढी कधी बुजवू नका. वन्संनी घरी येऊन हे शब्द जसेच्या तसे सांगितले आणि मग आपल्या भावाकडे पाहिलं. घुशीचा विषय आमच्या घरात त्यानंतर कोणी काढला नाही. ओल कशाने वाढली तेही न सांगता सगळ्यांना कळलं.

दुसऱ्या दिवशी गवंडी आला आणि तळोज्याच्या बायकांचे नवरे आणि दीर आले. त्यांनी कमरेला दोर बांधून, कडेने बसून, आम्ही एवढ्या हौसेने केलेली जमीन टोपल्या टोपल्यांनी बाहेर काढली. फळ्या उघड्या पडल्या. वरून सागाच्या दिसत होत्या, आणि खालून बोट लावलं की भिजल्या भाकरीसारख्या सुटत होत्या. सगळा भार एका मधल्या तुळईवर होता, आणि तीही एका टोकाला अर्धी कुजलेली. ती भाजीवाली मुद्दाम बघायला आली होती. ती दारातच मटकन बसली. मग बसल्या जागेवरून तिने त्या तुळईला हात जोडले.

मीही जोडले. त्या तुळईवर आम्ही काय काय केलं होतं ते एकेक आठवत गेलं. पोहे कांडले, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला बायकांच्या पंगती बसवल्या, मुलांनी धान्याच्या पेटाऱ्यावरून खाली उड्या मारायच्या पैजा लावल्या, आणि शेवटी वर मुरमाच्या गाड्या ओतून, बायकांच्या दोन ओळी बसवून तिला दिवसभर धोपटली. मधोमध माझी गरोदर बहीण. मला देवाचं फारसं वेड नाही, वन्सं त्यावरून मला टोचतात, पण त्या दिवशी मी घरातल्या सगळ्या देवांना एकेक करून नमस्कार केला आणि कोणी राहून गेलं नाही ना ते दोनदा पाहिलं. माणसं हाती होती. मुलं अंगणात भांडत होती. धाकटी पायरीवर बसून शेंगा सोलत होती. इतकं हलकं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

पण हलकं वाटून किती वेळ बसणार? खोली गेली. विहीर पुन्हा झाकायला मी तयार नव्हते आणि बुजवायला वन्सं. मग त्या खोलीची मागची भिंत आणि छप्पर उतरवायचं, विहिरीला कठडा बांधायचा आणि ती परसात सोडून द्यायची असं ठरलं. घर एका खोलीने लहान झालं. बाळंतपण कुठे करायचं हा प्रश्न उभा राहिला तेव्हा हे म्हणाले की माजघरात करा, मी कोर्टाची कामं ओटीवर बसून करीन. माजघराला पडदे लागले, बाळंतपणाला येणाऱ्या नर्सबाई जागा बघून गेल्या आणि निम्मी आळी आमच्या घरातून वावरायला लागली.

इकडे ही धामधूम चालू, तिकडे बातमी उरणला पोचली. करंजाची एक कोळीण सुकी मासळी घेऊन पनवेलच्या बाजारात येई आणि परतीच्या वाटेवर धाकटीच्या सासरी टोपली उतरवी. तिने जी गोष्ट पनवेलला ऐकली ती उरणला जाईपर्यंत चांगली वाढली. आमच्या जमिनीत पहार गेली होती, उरणच्या गोष्टीत माझी बहीणच गेली. कोणीतरी तिला केसांना धरून वर काढलं असंही त्यात होतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीने तिचे सासरे येऊन थडकले. ओटीवर धाकटी धडधाकट दिसली तेव्हा त्यांनी आधी डोळे मिटले आणि मग टोपी काढून घाम पुसला. माणूस वाईट नव्हता, हे मी आवर्जून सांगते. मिठागरावर माणसांना हुकूम सोडायची सवय, तीच घरी.

त्यांनी पाणी घेतलं, विहीर पाहून आले, आणि बसल्यावर सरळ सांगितलं की सूनबाईला आजच्या मोटारीने नेतो. ज्या घराखाली काय आहे ते घरच्यांना ठाऊक नाही, त्या घरात आमच्या घरचं बाळंतपण होणार नाही. हे घसा साफ करत राहिले. सासऱ्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी वन्संकडे पाहिलं. खणू नका म्हणून त्यांनीच आधी सांगितलं होतं, आता त्या व्याह्यांचीच री ओढतील असं मला वाटलं. वन्सं जमिनीकडे बघत होत्या. मला उरणची ती खोली दिसायला लागली, दोन दिवसांची वाट पाहणं दिसायला लागलं.

माजघराच्या दाराशी धाकटी उभी होती. डोक्यावरून पदर, नजर खाली. सासऱ्यांसमोर ती कधी उभीसुद्धा राहत नसे, बोलणं लांबच. तिथूनच ती म्हणाली, "मामंजी, गेल्या खेपेला दोन दिवस मला काय होतंय ते कोणी विचारलं नाही. इथं जमिनीला ओल का येते म्हणून घरातली सगळी माणसं महिनाभर डोकं खाजवत होती. मी इथंच राहते."

एवढं बोलूनही ती आत गेली नाही. सासऱ्यांचा चेहरा आधी लाल झाला. त्यांनी टोपी उचलून गुडघ्यावर ठेवली, तिची घडी नीट केली, पुन्हा मोडली. मला वाटलं, आता हे उठणार आणि हिचा हात धरणार. ते उठले. पण धाकटीकडे न जाता यांच्याकडे वळले आणि जड आवाजात म्हणाले, "नर्सबाई इथून किती लांब राहतात?"

यांनी सांगितलं, तळ्याच्या पलीकडे. सासरे म्हणाले, चला, दाखवा. दोघे जाऊन आले. नंतर हे मला सांगत होते की म्हातारा जाताना रस्त्याने गेला आणि येताना तळ्याच्या कडेने, जवळचा कोणता ते बघायला. नर्सबाईंना त्यांनी स्वतः हात जोडून सांगितलं की निरोप आला की ताबडतोब यायचं, सावकाश म्हणायचं नाही. मग दुपारची मोटार पकडून एकटेच परत गेले. जाताना वन्संना म्हणाले की सूनबाईला मीठ आवडतं, त्याची पोती धाडतो. ही त्यांची माफी होती. वन्संनी ती घेतली आणि व्याह्यांच्या हातावर दही ठेवलं.

मी धाकटीला आत जाऊन कवटाळलं तर ती म्हणाली, "ताई, भूक लागली."

वैशाखात, सकाळी दूध तापत असताना तिने मला हाक मारली आणि पाठीत कळ आली म्हणाली. ऊन वर यायच्या आत नर्सबाई आमच्या माजघरात होत्या. आता मला माझ्या तोंडाला आवर घालता येईना. धाकटी, काय होतंय? कुठे दुखतंय? पाणी हवं का? कंबर धरू का? मी झाल्यावर वन्सं विचारायच्या, वन्सं झाल्या की ओटीवरून हे मुलांना पाठवायचे, मावशीला काय होतंय विचारून या. दोन दिवसांपूर्वीच येऊन राहिलेले तिचे सासरे अंगणात फेऱ्या घालत होते आणि दर फेरीला दाराशी थबकत होते. नर्सबाईंनी एकदा-दोनदा मला डोळे दाखवले. पण गेल्या खेपेचे ते दोन दिवस माझ्या डोक्यातून जाईनात, आणि मी पुन्हा विचारलं.

त्यावर माझी जन्माची अबोल बहीण अशी कडाडली की अंगणातल्या फेऱ्या थांबल्या.

"ताई, बाहेर हो. सगळ्यांना बाहेर काढ. दुखतंय मला, फार दुखतंय, आणि आता मला कोणी काही विचारायचं नाही."

नर्सबाई हसल्या. म्हणाल्या, "ओरड बाई, अशीच ओरड. तुझं बरं चाललंय." आणि मला दंडाला धरून त्यांनी पडद्याबाहेर काढलं.

बाहेर वन्सं उभ्या होत्या. आतून धाकटीचं ओरडणं चालूच होतं. आईला हाका, नवऱ्याच्या नावाने बोटं मोडणं, माझा उद्धार. एवढं सगळं तिने आजवर कुठे साठवून ठेवलं होतं कोण जाणे. मी भिंतीला टेकून खाली बसले आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागले. वन्संनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तर त्यांचेही डोळे वाहत होते. आम्हां दोघींना एकमेकींना काही सांगावं लागलं नाही. ती ओरडते आहे तोवर ती आहे, हे आम्हांला कळत होतं.

दुपारी जेवणाच्या सुमाराला ते ओरडणं एकदम थांबलं. आम्ही दोघी उठून पडद्याशी गेलो. मग आत दुसरं कोणीतरी ओरडलं. धाकटी मला हाक मारत होती, पण ते तिच्यापेक्षाही मोठ्याने ओरडत होतं.